पडक्या मठातली ओटी

माझं इंग्रजी ऐकून अमेरिकेत दोनच माणसं हसली नाहीत. एक आमच्या दुकानात कांद्याची पोती टाकणारा मेक्सिकन ड्रायव्हर. त्याला माझ्याइतकंही येत नव्हतं. आणि दुसऱ्या शकूकाकू. आता काकूंना हसू येत नव्हतं असं नाही, पण त्या ते दाबायच्या. ओठ आत ओढून खिडकीबाहेर बघायच्या आणि मग म्हणायच्या, "श्वास चालू आहे ना? मग बाकीचं बघू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूध नासलं, विमान चुकलं, भाचीनं लग्न मोडलं, सगळ्याला हेच. काकू भुलीच्या डॉक्टर. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या उशाशी बसून श्वास मोजले. रिटायर झाल्या तरी सवय गेली नाही. माणसाशी बोलताना त्याचं मनगट धरायच्या. लोकांना वाटायचं, किती माया. त्या नाडी बघत असायच्या.

मी मिरजेचा. नववी नापास, तीही दोनदा, म्हणजे शाळेनं तरी माझ्यावर किती आशा ठेवायची. थोरल्या बहिणीनं इथून माझा ग्रीन कार्डचा कागद टाकून ठेवला होता. त्याचा नंबर लागेपर्यंत माझे केस पांढरे व्हायला लागले होते. दोन हजार एक साल संपताना मी इथल्या कॅरी नावाच्या गावात उतरलो आणि एका देशी ग्रोसरीत चिकटलो. इथली आपली माणसं म्हणजे सगळी कॉम्प्युटरवाली नाहीतर औषध कंपनीतली. गणपतीत एकानं विचारलं, "तुम्ही सध्या कशावर काम करता?" मी म्हटलं, "भेंडीवर." त्यानं मान हलवली. त्याला वाटलं, नवीन काहीतरी आलंय मार्केटमध्ये.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी ड्रायव्हिंग सोडलं. काकांचे गुडघे गेलेले. मी आधी त्यांच्याकडे सामान पोचवायचो, मग हळूहळू त्यांनाच पोचवायला लागलो. पहिल्याच खेपेला त्यांना देवळात न्यायचं होतं. हायवेवरच्या पाट्या मला वाचता येत नाहीत असं नाही. मी वाचेपर्यंत पाटी मागं जाते, एवढंच. वळलो, परत वळलो आणि शेवटी एका तंबाखूच्या शेताच्या कडेला रस्ता संपला. मी इंजिन बंद केलं आणि मान खाली घालून बसलो.

मागून आवाज आला, "छान आहे शेत. आता देऊळ शोधूया."

"काकू, मी चुकलोय हे तुम्हाला कळलं होतं?"

"केव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"घाबरलेल्या माणसाला माहिती देऊ नये, दिगू. तो आणखी चुकतो."

देवाधर्माचं काकूंना फारसं नव्हतं. देवळात जायच्या त्या काकांना भजन आवडायचं म्हणून. हळदीकुंकवाला जायच्या, पण जाहीर सांगायच्या की मी फराळाला जाते. फक्त नवरात्रात देवीची ओटी मात्र दरवर्षी भरायच्या. मी एकदा डिवचलं, "काय काकू, डॉक्टर असून?" तर म्हणाल्या, "आईनं सांगितलंय. बीपीच्या गोळीसारखं असतं ते. कारण विचारायचं नाही, घ्यायची."

इथल्या मराठी मंडळातल्या रिटायर लोकांनी ग्रीसची ट्रिप ठरवली ती दोन हजार सहा साली. आपटेकाका पुढारी. हे गळ्यात शिट्टी घालून फिरायचे. काकाकाकूंनी दोन सीट घेतल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काका गेले. झोपेतच गेले. काकू डॉक्टरसारख्या वागल्या. फोन केले, खुर्च्या मागवल्या, रडणाऱ्यांना पाणी दिलं. आपटेकाकूंनी कित्येक दिवस दोन वेळचा डबा पाठवला, तो पोचवायला मीच जायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यावरून आपटेकाकू कुणाला वाईट वाटतील. बाई वाईट नाही.

ट्रिपच्या आधी काकू दुकानात आल्या आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "काकांची सीट रिकामी जाईल. तू चल. मला पिशव्या उचलत नाहीत." मी म्हटलं, काकू, मी ग्रीसला जाऊन काय बघणार, मला मिरजेचा किल्ला कळला नाही. तर म्हणाल्या, "तू काही बघू नकोस. तू उचल."

आणि पिशवी खरंच जड होती. अथेन्सच्या विमानतळावर एका साहेबानं ती उघडायला लावली. आत नारळ. साहेबानं नारळ हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कोकोनट. फॉर मदर." तो म्हणाला, तुमची आई कुठाय? मी म्हटलं, "ऑल ओव्हर." त्यानं पिशवी बंद केली आणि मला हातानं पुढं जा म्हणाला. वेड्याला सगळीकडे वाट मिळते.

ट्रिप नवरात्रातच पडली होती. तिथल्या एका बेटावरच्या हॉटेलात आपटेकाकूंनी आपल्या रूममध्ये टेबलावर देवीचा फोटो मांडला आणि संध्याकाळी सगळ्या बायकांना बोलावलं. मी चहासाठी खालून गरम दूध घेऊन गेलो आणि दारातच अडकलो, कारण आत बायकांच्या साड्यांतून पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण उठून फोटोपुढं ओटी भरत होती. काकू कडेला, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांची पाळी आली तशा त्या जरा पुढं सरकल्या. आणि आपटेकाकूंचं त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही. म्हणजे गेलं, म्हणून तर गेलं नाही. त्यांनी पलीकडच्या बाईला हाक मारली, "ये गं, तू ये." मग हळदीकुंकवाचा करंडा फिरला. तोही काकूंच्या अलीकडं थांबला आणि पलीकडं सुरू झाला. मांडीवरची पिशवी काकूंनी बंद केली, "माझी गोळी राहिली घ्यायची," म्हणाल्या आणि माझ्या बाजूनं बाहेर गेल्या.

आणि मी काय केलं? आत ओरडून सांगितलं, "दूध तयार आहे, मंडळी." हे माझं शौर्य.

दुसऱ्या दिवशी बस एका टेकडीखाली थांबली. गाईड मुलगी म्हणाली, वर बायकांचा एक जुना मठ आहे. शेवटची साध्वी गेल्यावर कुणी राहत नाही, पडलाय सगळा. गावातली एक म्हातारी तेवढी रोज वर जाऊन दिवा लावते. तिचा नवरा समुद्रात गेला, तेव्हापासून. आमच्याकडे नवरा गेला की बाई मरेपर्यंत काळे कपडे घालते, असंही तिनं सांगितलं. रस्ता दगडांचा होता आणि खाली हॉटेलात थंड कॉफी मिळत होती. आपटेकाकांनी शिट्टी मारून सगळ्यांना कॉफीकडे वळवलं.

काकू म्हणाल्या, "दिगू, पिशवी घे."

वर काही नव्हतं. खरं सांगतो, मला आमच्या गावाबाहेरचा बंद पडलेला साखर कारखाना आठवला. छप्पर गेलेलं. खोल्या एवढ्या लहान की बाईनं हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. भिंतीतून अंजिराचं झाड बाहेर आलेलं. शेळ्यांच्या लेंड्या. घंटेची कमान होती, घंटा नव्हती. काकू एकेका खोलीत डोकावत होत्या. राउंडला निघाल्यासारख्या. एका कोपऱ्यात फक्त छोटं देऊळ शाबूत होतं. त्याचं दार तारेनं बांधलेलं असायचं म्हणे, पण आता उघडं होतं.

देऊळ दिसल्यावर मी चपला काढल्या. सवयच ती. तिथली जमीन म्हणजे सगळे काटे, आणि दगड तव्यासारखे. मी एका पायावर उड्या मारत आत घुसलो. आत काळ्या कपड्यातली म्हातारी बसलेली, हातात कोल्ड्रिंकच्या बाटलीत तेल. तिनं माझ्याकडे बघितलं, उठली, बाहेर गेली आणि माझ्या चपला उचलून आणून माझ्यासमोर ठेवल्या. पंचाहत्तरीच्या बाईनं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, "सॉरी फॉर हजबंड." तिला सुदैवानं इंग्रजी येत नव्हतं. काकू भिंतीकडे बघत होत्या. ओठ आत.

भिंतीवर आईचं चित्र होतं. मांडीवर मूल. धुरानं काळं झालेलं, कुणीतरी डोळे खरवडलेले. खाली दगडाची कड आणि तिच्यावर दिवा. काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि कडेवर एकेक काढून ठेवलं. हिरवा खण. तांदूळ. सुपारी. बांगड्या. हॉटेलच्या नाश्त्यातलं केळं. नारळ. तिथं हात थांबला.

"दिगू, मी भरली तर चालेल का रे?"

एवढी मोठी डॉक्टर, विचारते कुणाला, तर नववी नापासाला. मी म्हटलं, "काकू, ही ग्रीक देवी. हिला आपले नियम कुठं ठाऊक."

"विनोद नको करू." आवाज बारीक झाला होता. "मी आयुष्यभर ह्या सगळ्याला हसले. काल तो करंडा पुढं गेला आणि मी रूमवर जाऊन रडले. काका गेले तेव्हा नाही रडले, आणि करंड्यासाठी रडले. लाज वाटते मला. त्यांची नाही, माझी. मला वाईट वाटायला नको होतं रे. मी कधी मानलंच नव्हतं ना हे."

म्हातारीला आमचं बोलणं कळायचा प्रश्नच नव्हता. तिनं नारळाकडं बघितलं, खणाकडं बघितलं, आणि आपली तेलाची बाटली उचलून बाजूला ठेवली. कडेवर जागा केली. आणि काकूंना मानेनं सांगितलं, ठेव की.

काकूंनी ओटी भरली. चित्राला पदर नव्हता, म्हणून खण कडेवर पसरून त्याच्यावर तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि नमस्कार केला. म्हातारीनं पण छातीवर आडवा-उभा हात फिरवला. मग तिनं नारळ उचलून कानाशी हलवला. आत पाणी वाजलं तशी हसली. दात नव्हतेच.

मग ती बाहेर गेली, आणि आली तेव्हा ओंजळीत अंजिरं होती आणि वर तुळशीसारख्या वासाची हिरवी पानं. ती काकूंसमोर आली आणि घे म्हणून हात पुढं केले. आता काकूंच्या अंगात पँट आणि काकांचा जुना स्वेटशर्ट. साधं हातात घ्यायचं ना. पण काकूंनी स्वेटशर्टचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि पुढं पसरलं. आपोआप. बायका पसरतात तसं. म्हातारीनं त्यात सगळं घातलं, आणि वर एक पान काकूंच्या केसात खोचलं.

मी चपला घालायचं नाटक करत दाराकडं तोंड केलं.

खाली उतरताना काकू ते टोक तसंच धरून होत्या. बसमध्ये चढल्या तेव्हा सगळ्यांच्या कॉफ्या झाल्या होत्या. आपटेकाकूंनी बघितलं. केसात पान, पोटाशी अंजिरं. "अगंबाई शकू, हे काय?"

काकूंचं तोंड लाल झालं. त्यांनी ओठ उघडले. मला वाटलं, आता ह्यांची पंचाईत झाली. आणि माझ्यातला विदूषक धावला. "ते माझं आहे, आपटेकाकू," मी म्हटलं, "वरच्या म्हातारीनं माझा लांब शर्ट बघितला, तिला वाटलं सवाष्ण आलीय. माझी ओटी भरली. मला लाजल्यासारखं झालं म्हणून काकूंनी धरलीय."

अख्खी बस हसली. आपटेकाकांनी शिट्टी मारली. ट्रिप संपेपर्यंत सगळे मला "सौभाग्यवती दिगंबर" म्हणत होते. मी पण लाजत मुरडत होतो. काय साधली वेळ, असं वाटत होतं मला.

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर काकूंनी माझं मनगट धरलं होतं. ह्या वेळी नाडी बघायला नाही.

"तुला मला वाचवायला कुणी सांगितलं होतं?"

"काकू, तुम्ही एवढ्या लाल झाला होतात..."

"मी बोलणार होते. तोंड उघडलं होतं मी. सगळ्यांसमोर सांगणार होते की माझी ओटी भरली. तू त्यात आपलं तोंड घातलंस." मग हात सोडला. "आता ते तुझं झालं. आता मी सांगितलं तर तुझ्या विनोदाची पुरवणी होईल."

मी आयुष्यभर लोकांना हसवून वेळ मारून नेली. पण ती वेळ माझी नव्हती, काकूंची होती. हे कळायला मला पायऱ्या उतरून पार रस्त्यापर्यंत जावं लागलं.

कॅरीत परतल्यावर काकूंचा फोन येईना. सामान न्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायच्या. मंडळात मला बघितलं की लोक म्हणायचे, दिगू, ती ओटीची गोष्ट सांग. एकदोनदा सांगितली पण मी. नको म्हणता आलं नाही. माझी हीच जात.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी सकाळी फोन आला. "दुपारी मोकळा आहेस? आपटेंकडे हळदीकुंकू आहे."

"बोलावलंय तुम्हाला?"

"नाही."

त्या दिवशी काकूंनी काळी चंद्रकळा नेसली होती. संक्रांतीला काळं चालतं, म्हणूनच नेसल्या असतील. मांडीवर पिशवी. मी पाट्या नीट वाचल्या.

आपटेंच्या दारात बायकांच्या चपलांचा ढीग होता आणि मी त्या ढिगातच उभा राहिलो. आतलं सगळं दिसत होतं. तिळगूळ, वाणाचे प्लास्टिकचे डबे, बायकांचा गलका. काकू आत गेल्या तसा गलका खाली बसला. आपटेकाकू उठल्या, घाबरल्यासारख्या हसल्या. "अगं शकू, ये ना. बस. चहा घे आधी."

"चहा नंतर. पदर पुढं कर."

"अगं पण..."

"मी तुझी ओटी भरायला आले. ग्रीसमध्ये त्या म्हातारीनं माझी भरली होती. दिगूची नाही. माझी. दिगू काहीतरी बरळला." काकूंनी पिशवीतून नारळ काढला. "तीही माझ्यासारखीच होती. नवरा नसलेली. आता पदर कर पुढं, नलू."

आपटेकाकूंनी इकडंतिकडं बघितलं. सून मागून हळूच म्हणाली, "आई, करा ना." मग त्यांनी पदर पुढं केला. काकूंनी नारळ घातला, खण घातला, तांदूळ घातले. नेमकेपणानं, घाई न करता. आपटेकाकूंनी करंडा घेतला. काकूंची पाठ माझ्याकडं होती म्हणून मला पुढचं दिसलं नाही. लगेच काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चल."

गाडीत बसल्यावर त्यांनी समोरचा आरसा खाली केला. कपाळावर हळद होती. नुसती हळद.

"कुंकवापर्यंत बोट गेलं होतं तिचं," काकू म्हणाल्या. "मी बघितलं. परत आलं."

मी गाडी चालू केली नाही.

"आणि ओटी भरताना तिनं डोळे मिटून घेतले. पेशंट मिटायचे तसे. मी जबरदस्ती केली रे तिच्यावर. बायकांसमोर ऑर्डर सोडली थिएटरमधल्यासारखी. काकांना अजिबात आवडलं नसतं." आरसा बंद केला. "काहीतरी बोल, दिगू. तू नेहमी बोलतोस ना."

मला एकही विनोद आठवला नाही. कधी नव्हे ते.

महिन्याभरात त्या मुलाकडे चँडलरला, पार वाळवंटातल्या गावी गेल्या. तिकडचं ऊन त्यांच्या हाडांना बरं, असं मुलगा म्हणाला. फोनवर बोललो एकदोनदा, पण भेट परत झाली नाही. दोन हजार आठ साली त्या गेल्याचं मला दुकानात, गिऱ्हाइकाकडून कळलं.

पण मला त्या दिसतात त्या त्याच शनिवारच्या. घरी जाताना म्हणाल्या, दूध संपलंय, थांबव. आमच्या देशी दुकानात नाही, कोपऱ्यावरच्या अमेरिकन दुकानात. मी म्हटलं, मी आणतो. नाही म्हणाल्या. चंद्रकळा, वर कोट, कपाळावर पिवळा धम्मक पट्टा. लाइनीत उभ्या राहिल्या. मी मागं दुधाचा कॅन घेऊन. पुढचा माणूस वळून बघत होता. काउंटरवरची पोरगी चांगली होती बिचारी. पुढं वाकून हळू आवाजात म्हणाली, "मॅम, तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय." आणि पुसायला कागद पुढं केला.

काकूंनी तिचे आभार मानले. कागद घेतला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.

"आय नो," म्हणाल्या.